टोळांना कामगंध सापळा का चालत नाही?

पुरंदर तालुक्यातल्या एका अंजीर-सीताफळ बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांच्या बांधावरच्या रुईवर पिवळे-निळे टोळ झुंबडीने बसलेत. टोळ अंगातून वास सोडून एकमेकांना बोलावतात, असं त्यांच्या वाचनात आलं. तर हे आणखी टोळ बोलावून आणतील का, आणि सीताफळात फळमाशीला लावतो तसे कामगंध सापळे टोळांसाठी मिळतात का, असं त्यांनी विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. रुईवर बसलाय तो टोळधाडीतला टोळ नव्हे. तो रुईवरचा रंगीत नाकतोडा, शास्त्रीय नाव पोइकिलोसेरस पिक्टस. पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा दिवे घाटाच्या आसपास रुईची झुडपं नीट न्याहाळलीत तर तिथेही सापडेल. मोठ्याच्या अंगावर पिवळे आणि निळसर-हिरवे पट्टे असतात. पिल्लं फिकट पिवळसर, त्यांच्यावर काळ्या रेघा आणि तांबडे-नारिंगी ठिपके. पिल्लू चिमटीत धरलंत तर अंगातून द्रवाची बारीक पिचकारी उडवतं, तेव्हा डोळे सांभाळा. रुईच्या चिकातलं विष ते अंगात साठवतात. एवढे भडक रंग घेऊन उघड्यावर बिनधास्त बसायची हिंमत त्यातूनच येते. त्यांची झुंबड दिसते ती तिथे रुई आहे म्हणून. मे २०२० मध्ये तमिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यातही रुईवरच्या अशाच नाकतोड्यांनी लोकांची घाबरगुंडी उडवली होती. शेवटी हे टोळधाडीतले टोळ नव्हेत, असा खुलासा कृषी अधिकाऱ्यांना करावा लागला. तुम्ही काही फवारू नका. रुई तोडायच्या भानगडीतही पडू नका, कारण रुई गेली की हेच पाहुणे शेजारच्या भाजीकडे वळू शकतात.

दुसरा प्रश्न मात्र खोलात जाण्यासारखा आहे, कारण 'वासाने टोळधाड होते' हे वाक्य आता सगळीकडे फिरतंय आणि ते अर्धंच खरं आहे.

टोळ हा नाकतोडाच, पण गर्दी झाली की रंग, स्वभाव, सवयी सगळं बदलणारा. १९२१ साली बोरिस उवारोव्ह यांनी दाखवून दिलं की कीटकशास्त्रात दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदलेले टोळ हे प्रत्यक्षात एकाच प्रवासी टोळाच्या दोन अवस्था आहेत. आपल्याकडे राजस्थानातून येतो तो वाळवंटी टोळ, शिस्टोसर्का ग्रेगॅरिया. त्याचंही तसंच. एकटा वाढला तर पिल्लू हिरवट, मोठा झाल्यावर मातकट, रात्री उडणारा, आणि दुसरा टोळ जवळ आला की बाजूला सरकणारा. दाटीत वाढला तर पिल्लू काळं-पिवळं, तांडा करून चालणारं. पंख फुटल्यावर आधी गुलाबी, वयात आला की पिवळाजर्द, आणि भर दिवसा थव्याने उडणारा. दोघांची जनुकं तीच. एकाच मादीची पिल्लं दोन पिंजऱ्यांत वेगवेगळी वाढवली तर दोन वेगळ्या जातींची वाटतील.

हा बदल सुरू कशाने होतो? ऑक्सफर्डच्या स्टीव्हन सिम्प्सन यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे फार पद्धतशीर तपासलं. एकट्या वाढवलेल्या वाळवंटी टोळाला दुसरे टोळ नुसते दिसू दिले, तर फारसं काही होत नाही. नुसता त्यांचा वास दिला, तरी नाही. दोन्ही एकत्र दिलं तर स्वभाव पालटू लागतो. आणि नुसता स्पर्श पुरतो. त्याला ना दृश्य लागतं, ना वास. टोळधाडीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

स्पर्श कुठे, हेही त्यांनी शोधलं, आणि तो प्रयोग इतका साधा आहे की वाचताना हसू येतं. बारीक कुंचला घ्यायचा आणि टोळाच्या अंगाच्या एकेका भागाला गुदगुल्या करायच्या, दर मिनिटाला पाच सेकंद, असं चार तास. मिशा, तोंड, छाती, पोट, पाय, सगळं करून झालं. लागू पडली एकच जागा. मागच्या तंगडीचा जाड भाग, म्हणजे मांडी, आणि तिचीही बाहेरची बाजू. दाटीत चरताना शेजाऱ्याचा धक्का लागतो तो नेमका तिथे. २००९ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मंडळींनी पुढचा धागा पकडला. तंगडीला धक्के बसले की छातीतल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सेरोटोनिन वाढतं, साधारण तिप्पट होतं, आणि सुमारे दोन तासांत एकलकोंडा टोळ इतर टोळांकडे ओढला जाऊ लागतो. सेरोटोनिन अडवणारं औषध आधीच टोचलं तर कितीही गुदगुल्या करा, तो बदलत नाही. आपल्याला मनाच्या आजारांच्या गोळ्यांमुळे ऐकून माहीत असलेलंच हे रसायन.

म्हणजे वाळवंटात घडतं ते असं. चांगला पाऊस होतो, हिरवळ फुटते, टोळ वाढतात, पण विखुरलेले राहतात. मग रान वाळू लागतं आणि हिरवे तुकडे आक्रसत जातात. पोट भरायला सगळ्यांना त्याच चार झुडपांवर यावं लागतं, मर्जी असो वा नसो. तंगड्या एकमेकांना घासतात. दोन तास असं चाललं की एकमेकांना टाळणारे एकमेकांना शोधू लागतात. ही पहिली ठिणगी वासाने पडत नाही. वासाचं काम त्यानंतरचं आहे, जमलेली गर्दी मोडू न देण्याचं. आणि तिथे एक वास नसतो, अनेक असतात. शिवाय प्रत्येकाचं काम वेगळं.

पहिला वास विष्ठेचा. टोळ पाळलेल्या खोलीत शिराल तर ओल्या गवताच्या वासात मिसळलेला एक धुरकट दर्प नाकाला जाणवतो. त्यात ग्वायाकोल असतं. लाकडाच्या धुरातही तेच असतं, म्हणून ओळखीचं वाटतं. गंमत अशी की हे रसायन टोळ स्वतः बनवतच नाही. २००० साली ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात जंतुविरहित टोळ वाढवून पाहिले, तेव्हा त्यांच्या विष्ठेत ग्वायाकोल सापडलं नाही. आतड्यात राहणारा पँटोइया नावाचा जिवाणू खाल्लेल्या पाल्यातल्या लिग्निनच्या, म्हणजे झाडाला ताठपणा देणाऱ्या पदार्थाच्या, अवशेषांपासून ते तयार करतो. टोळाने ते आपल्या एकत्र राहण्यासाठी वापरून घेतलं, एवढंच. मला स्वतःला या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत देखणा शोध वाटतो, जरी बातम्यांत तो कधी फारसा गाजला नाही.

गाजला तो दुसरा, ४-व्हिनाइलॲनिसोल. तुमच्या वाचनात आलेली बातमी बहुधा याचीच. ऑगस्ट २०२० मध्ये बीजिंगच्या चिनी विज्ञान अकादमीतल्या ले कांग यांच्या गटाने 'नेचर'मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रवासी टोळांच्या अंगातून आणि विष्ठेतून निघणारे पस्तीसएक वास त्यांनी चाळले. त्यांपैकी हा एक असा निघाला की नर-मादी, लहान-मोठा, एकटा वाढलेला की घोळक्यात वाढलेला, सगळे त्याच्याकडे येतात. मिशीवरच्या बारीक केसांत त्याला ओळखणारा ग्राहक प्रथिनाचा रेणू आहे. त्याचं जनुक छाटून टाकलेले टोळ त्या वासाकडे ओढले जाईनासे झाले. माझ्या मते सगळ्यांत मोलाची बाब वेगळीच आहे. एकट्या वाढवलेल्या टोळांपैकी चार-पाच जण एकत्र कोंडले तरी ते हा वास सोडू लागतात. म्हणजे थोडी गर्दी झाली की वास सुटतो, वासाने आणखी गर्दी होते, तिने आणखी वास. पुढे २०२२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की या वासाने तरुण माद्या साधारण एकाच वेळी वयात येतात. अंडी एकदम घातली गेली की पिल्लंही एकदम निघतात आणि तांडा विस्कळीत होत नाही.

इथे एक गोष्ट बातमीदार हमखास गाळतात. ४-व्हिनाइलॲनिसोलचं हे सगळं काम प्रवासी टोळावर, लोकस्टा मायग्रेटोरियावर झालंय. आपल्याकडे धाड घालतो तो वाळवंटी टोळ. दोघं दिसायला भाऊभाऊ, पण आतली यंत्रणा तीच नाही. वाळवंटी टोळात सेरोटोनिन घोळका घडवतं, तर प्रवासी टोळात चिनी शास्त्रज्ञांना ते काम डोपामिन हे मज्जासंस्थेतलं दुसरं रसायन करताना दिसलं. एकाचं उत्तर दुसऱ्याला सरसकट चिकटवता येत नाही.

याचा सगळ्यांत भारी नमुना म्हणजे तिसरा वास, फेनिलॲसिटोनायट्राइल. वाळवंटी टोळाच्या घोळक्यात वयात आलेले नर तो भरपूर सोडतात. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटकशास्त्र संस्थेत अहमद हसनाली यांच्या गटाने १९९० च्या दशकात मांडलं की प्रौढ टोळांना एकत्र आणणारा मुख्य वास हाच. जर्मनीतल्या हॅले विद्यापीठाचे कार्स्टन सायडेलमान यांनी नेमकं उलट सांगितलं. त्यांच्या मते हा वास जवळ बोलावणारा नाही, दूर लोटणारा आहे. मादीवर बसलेला नर तो सोडून बाकीच्या नरांना सांगतो, इथून चालते व्हा. दाटीवाटीत मादी सांभाळायची तर असं काहीतरी लागणारच. हा वाद बरीच वर्षं चालला. मला विचाराल तर सायडेलमान यांचं पारडं जड आहे, आणि पुढे प्रवासी टोळात जे दिसलं तेही त्याच दिशेचं आहे.

प्रवासी टोळात हाच रेणू पक्ष्यांना इशारा देतो. २०१९ मध्ये बीजिंगच्याच गटाने ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांना टोळ खायला घालून पाहिले. हा वास असलेले टोळ पक्षी टाळतात, वास बनवणारं जनुक बंद केलेले टोळ मटकावतात. इशारा पोकळ नाही. टोळावर झडप पडली की हाच रेणू फुटून हायड्रोजन सायनाइड तयार होतं. विषाचा बार भरून ठेवायचा आणि त्याचा वास आधीच दरवळत ठेवायचा, असा हा बंदोबस्त आहे.

आणि २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं ते सगळ्यांवर कडी करणारं. जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक रासायनिक परिसंस्थाशास्त्र संस्थेने दाखवलं की घोळक्यातले प्रवासी टोळ हा वास सोडतात तो एकमेकांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून. ज्यांच्यात वास तयार होत नाही, ते शेजाऱ्यांच्या तोंडी जास्त जातात. ज्यांना तो ओळखू येत नाही, ते शेजाऱ्यांना जास्त खातात. टोळांचं एकमेकांना खाणं हा काही किरकोळ किस्सा नव्हे. २००८ साली वाळवंटी टोळांच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात असं निघालं की तांडा पुढे चालतो त्यात मागून चावा बसायची भीती हे एक मोठं कारण आहे. ज्या पिल्लांच्या पोटाची संवेदना तोडली ती मंदावली आणि जास्त खाल्ली गेली. आपण टीव्हीवर जी शिस्तबद्ध फौज बघतो, तिच्यात प्रत्येक जण पुढच्याला चावायला आणि मागच्यापासून सुटायला धावत असतो. अशी गर्दी टिकायची तर बोलावणाऱ्या वासाच्या जोडीला 'मला खाऊ नकोस' म्हणणारा वासही हवा.

वासाची हद्द कुठे संपते हेही सांगून टाकतो. तांडा कोणत्या दिशेने चालेल, हे ठरवण्यात डोळ्यांचं काम मोठं आहे. २०२० साली केनियात टोळधाड चालू असताना जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन पिल्लांच्या तांड्यांचं निरीक्षण केलं आणि २०२५ मध्ये ते छापून आलं. शेजारी हलताना दिसणं निर्णायक ठरतं, असं त्यातून दिसलं. आणि पंख फुटलेला थवा बहुतकरून वाऱ्याबरोबर जातो. दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत मजल मारणाऱ्या थव्याला तुमच्या बागेतली वासाची कुपी काय वळवणार?

आता सापळ्याकडे येऊ. तुम्ही फळमाशीसाठी लावता त्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं. त्याला नर भुलतात, आत जातात, मरतात. मादीला जोडीदार मिळेनासा होतो, पुढची पिढी घटते. कापसातल्या गुलाबी बोंडअळीचा सापळाही पतंगांच्या नरांनाच फसवतो. दोन्हीकडे नुकसान करणारी असते अळी, आणि सापळ्यात सापडतो तिचा बाप. टोळात हे गणित बसत नाही. नर खातो, मादी खाते, पिल्लू खातं. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात आठ कोटींपर्यंत टोळ असू शकतात, आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने तेवढा थवा एका दिवसात ३५ हजार माणसांच्या अन्नाइतका पाला फस्त करतो. त्यातले पाचशे टोळ चिकट पत्र्यावर अडकवून काय साधणार? उलट बोलावणारा वास खरंच प्रभावी निघाला, तर तो बागेत टांगणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण देणं. म्हणून सरळ सांगतो, टोळांचा कामगंध सापळा म्हणून कुणी काही विकायला आला तर घेऊ नका.

मग या संशोधनाचा उपयोग काय? आहे, पण शेतात नाही, वाळवंटात आहे. पिल्लांना पंख फुटण्याआधी, तांडे जमिनीवर असताना. इसिपेच्या मंडळींनी सुदानमध्ये प्रौढांचा तो फेनिलॲसिटोनायट्राइल पिल्लांच्या तांड्यांवर अगदी थोडा वापरून पाहिला. पिल्लं बावचळली, तांडा फुटला, विखुरलेली पिल्लं इतर भक्षकांच्या तावडीत सापडू लागली. टोळांना मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीबरोबर आणि कीटकनाशकाच्या कमी मात्रेबरोबरही ते जोडून पाहिलंय. ले कांग यांच्या गटाने २०२५ मध्ये ४-व्हिनाइलॲनिसोल टोळाच्या अंगात कसं तयार होतं, याची साखळी उलगडली. सुरुवात पाल्यातल्या फेनिलअॅलनीन या अमिनो आम्लापासून होते आणि शेवटची पायरी मागच्या तंगड्यांत पार पडते. ती पायरी अडवणारा एक रेणूही त्यांनी दाखवला, ४-नायट्रोफिनॉल. तोच रेणू शेतात ओतायचा म्हणाल तर तो स्वतः विषारी प्रदूषक आहे, त्यामुळे त्याच्या धर्तीवर काहीतरी निर्धोक शोधावं लागेल. बोलावण्याचा वास चोरण्यापेक्षा तो बनूच न देणं, ही दिशा मला जास्त पटते.

राहिला तुमच्या बागेचा धोका. वाळवंटी टोळाची मादी ओलसर वाळूत दहा-पंधरा सेंटीमीटर खोल अंडी घालते. पुरंदरचा मुरूम तिच्या कामाचा नाही. २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळं अरबस्तानातल्या निर्जन वाळवंटावर बरसली, तिथे कुणाच्या लक्षात न येता टोळांच्या तीन पिढ्या झाल्या आणि तिथून सुरू झालेली लाट मे २०२० मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात आली. मोर्शी-वरूड, आष्टी, काटोलच्या संत्रापट्ट्यात लोकांनी थाळ्या बडवल्या, धूर केला. रात्री थवा झाडांवर उतरला की अग्निशमनच्या बंबांनी फवारणी झाली. तो थवा गुलाबी होता, म्हणजे वयात न आलेला. पुणे जिल्ह्यापर्यंत तो आला नाही, आणि जूनपासून आपल्याकडचा वारा नैर्ऋत्येकडून वाहतो, तो त्यांना इकडे येऊ देत नाही. सह्याद्रीच्या गवतात राहणारा बॉम्बे टोळ ही वेगळी जात. १९०१ ते १९०८ या काळात त्याने पश्चिम भारतात धुमाकूळ घातला होता. तुमच्या पणजोबांच्या पिढीने 'टोळ आला' म्हटलं असेल ते कदाचित त्याच्याबद्दल.

तेव्हा रुईवर पट्टेरी दिसला तर दुर्लक्ष करा. अंगभर एकच गुलाबी किंवा पिवळा रंग असलेले, बोटाएवढे लांब, दिवसा थव्याने उडणारे आणि समोर येईल त्या झाडावर बसणारे टोळ दिसले, तर फोटो काढून त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा. थवा संध्याकाळी कुठे उतरला हे आवर्जून सांगा, कारण फवारणी करता येते ती रात्री आणि पहाटे, ऊन चढून ते उडायच्या आत. आणि फळमाशीच्या सापळ्यातली कुपी किती दिवसांपूर्वी बदलली होती, ते एकदा बघून घ्या. सीताफळाला या घडीला टोळापेक्षा तिचाच धोका जास्त आहे.